वाफशातले पाणी कसे चालते?



जानेवारीअखेरच्या ऊस पीक मेळाव्यानंतर एक वयस्क सभासद मला मांडवाच्या कडेला घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही भाषणात सांगितलंत, वाफसा मोडू नका. बरं, नाही मोडत. पण पाटाला पाणी आज आलंय. आज सोडलं तर पुढची पाळी वीस-बावीस दिवसांनी. विहिरीचं पाणी देऊन बारा दिवस झालेत. वरची ढेकळं वाळलीत, टाचेनं उकरलं तर खाली ओल लागतीया. आता दारं धरू का नको, एवढंच सांगा."

मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. "बघा, जमीन बघून ठरवा" असे. ते मान हलवून निघून गेले. घरी येताना मात्र ते उत्तर मला टोचत राहिले. कारण ह्याच आबांच्या खालच्या अंगाच्या दीड एकरात मीठ फुटले आहे. पहिल्या वर्षी बांधाकडेला पांढरी झाक दिसली, दुसऱ्या वर्षी उगवणीत तुटाळ पडली आणि यंदा तिथला खोडवा ठेवण्यासारखा राहिलेला नाही. वरचे अडीच एकर अजून चांगले आहेत. दारे धरायची की नाही ह्या प्रश्नामागे हे अडीच एकर उभे होते, आणि मी 'जमीन बघून ठरवा' म्हणालो! जमिनीत काय बघायचे, ते सांगायला नको काय?

म्हणून हा लेख. थोडा लांबला आहे. सोसायटीचे पासबुक जसे सावकाश बघता तसा सवडीने वाचावा.

पाटातले पाणी आपल्याला दिसते, विहिरीतले दिसते. ह्या दोहोंच्या मधले पाणी मात्र कोणाला दिसत नाही. जमिनीच्या तोंडापासून खाली भूजलाच्या पातळीपर्यंतचा जो थर आहे, त्यातच आपल्या उसाच्या मुळ्या असतात, तिथेच खत विरघळते आणि तिथूनच मीठ वर चढते. मातीच्या कणाकणांत पोकळ्या असतात. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या जमिनीला शास्त्रज्ञ संपृक्त म्हणतात. आपण तिला उपळट किंवा पाणथळ म्हणू. काही पोकळ्यांत पाणी आणि काहींत हवा असली की ती असंपृक्त. नाव जड आहे, पण त्याच अवस्थेतला जो टप्पा पिकाला मानवतो त्याला आपल्या वाडवडिलांनी कधीच नाव देऊन ठेवले आहे: वाफसा.

आता संपृक्त जमिनीत पाणी आपल्या वजनाने खाली जाते, उतार मिळेल तसे सरकते. ते समजायला अवघड नाही. वाफशातल्या पाण्यावर मात्र दोन मालक असतात. एक वजन, ते पाण्याला खाली ओढते. दुसरी मातीची स्वतःची ओढ, ती वर, खाली, आडवी, कुठेही ओढते. कंदिलाची वात रॉकेल वर ओढून घेते, जोत्याची ओल भिंतीवर चढते, त्यातलाच हा प्रकार. पोकळी जितकी बारीक तितकी ओढ जास्त. माती जितकी वाळत जाईल तितकी मोठ्या पोकळ्यांतली पाणी सोडून फक्त बारीक पोकळ्यांतले उरते, आणि ते मातीने घट्ट धरलेले असते. ही ओढ सेंटिबार ह्या मापात मोजतात. पाणी देऊन निचरा थांबला की वाळूत साधारण १० आणि काळ्या जमिनीत ३० च्या आसपास ओढ असते. १५०० सेंटिबारला पीक कायमचे सुकते. तेव्हाही मातीत पाणी असते बरं का! पण ते मुळांना सुटत नाही.

ह्या ओढीशी माझी ओळख पुस्तकाआधी झाली, आणि तीही उसाच्या नव्हे तर केळीच्या वाडीत. माझे गाव उमेळे, तालुका वसई. माझ्या लहानपणी जिल्हा ठाणे होता, २०१४ पासून पालघर झाला. रेल्वेच्या पश्चिमेला, वसई रोड आणि नायगाव ह्या स्टेशनांच्या पट्ट्यात हे गाव येते. आता वसई-विरार महानगरपालिकेत आहे. आपल्या सभासदांना नवल वाटेल, पण ऊस त्या भागाला नवा नाही. १६९५ साली तिकडे आलेल्या जेमेल्ली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने वसईच्या बागांत फळझाडांबरोबर उसाचीही रेलचेल असल्याचे लिहून ठेवले आहे. माझ्या आठवणीत ऊस नाही. केळी, पानवेल, फुलझाडे आणि भाजी ही वाडीची पिके. जमीन रेताड. आजोबांच्या काळात विहिरीवर रहाट होता, मला आठवतो तो पंप.

आजोबा केळीला दोन दिवसांआड, तीन दिवसांआड पाणी देत, पण थोडे. भरपूर पाणी का नाही देत असे विचारले की म्हणत, "अरे, वाळूच्या पोटात ठेवायला जागाच नाही, सगळं विहिरीतच परत जाणार." मी कृषी पदविका घेऊन इकडे काळ्या जमिनीच्या मुलखात नोकरीला आलो आणि पहिल्याच वर्षी एका शेतकऱ्याला उमेळ्याच्या सवयीने सल्ला दिला: थोडे थोडे पाणी, पण दर चौथ्या दिवशी. त्या गृहस्थाने माझ्यावर विश्वास ठेवला. महिन्याभरात लागणीची पाने पिवळी पडली, कारण त्या जमिनीला वाफसा यायला सवडच मिळाली नव्हती. वरचे पाच-सहा इंच सतत भिजलेले, मुळ्या गुदमरलेल्या. त्यांनी मला बोल लावला नाही, ह्याचेच मला जास्त वाईट वाटले.

आजोबांची जमीन आणि ती काळी जमीन ह्यांत फरक काय, ते आकड्यांत पाहू. पिकाला खरोखर मिळू शकेल असे पाणी रेताड जमिनीत दर १० सेंटिमीटर खोलीला साधारण ६ मिलिमीटर मावते. खोल काळ्या जमिनीत तेच सुमारे १८ मिलिमीटर. मुळांचा मुख्य थर ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट धरला, तर वाळूची तिजोरी ३६ मिलिमीटरची आणि काळीची १०८ मिलिमीटरची. तिजोरी निम्मी रिकामी झाली की पाणी द्यावे असा ढोबळ नियम आहे. म्हणजे वापरायला वाळूत १८ आणि काळीत ५४. पीक रोज ६ मिलिमीटर पीत असेल तर वाळूत तीन दिवस पुरेल, काळीत नऊ दिवस. आजोबांचा 'दोन-तीन दिवसांआड' हा हिशोब तंतोतंत बरोबर होता, आणि त्यांनी तो कागदावर कधी मांडला नव्हता.

हा झाला पाणी मावण्याचा हिशोब. पाणी चालण्याचा हिशोब ह्याहून गमतीचा आहे.

१८५६ साली फ्रान्समध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे इंजिनियर आँरी डार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून एक नियम बसवला: पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त आणि वाळूचा थर जितका पातळ, तितके पाणी जास्त वाहते. पण त्यांची वाळू पूर्ण भिजलेली होती. अर्धवट ओल्या मातीचे काय? १९०७ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातले एडगर बकिंगहॅम यांनी दाखवले की तिथेही तोच नियम लागू पडतो, मात्र मातीची पाणी वाहून नेण्याची ताकद एकच एक राहत नाही. माती वाळत जाईल तशी ही ताकद झपाट्याने घटते. १९३१ साली लोरेंझो रिचर्ड्स यांनी ह्या नियमाला जमा-खर्चाची जोड देऊन एक समीकरण मांडले, आणि आजतागायत वाफशातल्या पाण्याचे सगळे गणित त्याच समीकरणावर चालते.

ताकद झपाट्याने घटते म्हणजे किती? पुस्तकात दिलेली सरासरी वाळू घ्या. पूर्ण भिजलेली असताना तिच्यातून दिवसाला सात मीटर ह्या हिशोबाने पाणी जाऊ शकते. सरासरी चिकणमातीतून फक्त पाच सेंटिमीटर. म्हणजे वाळू जवळजवळ दीडशे पट चपळ. आता दोन्ही वाळू द्या, १० सेंटिबार ओढीपर्यंत, म्हणजे फार नाही. त्याच पुस्तकी आकड्यांवरून हिशोब केला तर वाळूची ताकद कोटीच्या पटीत घटते आणि चिकणमाती वाळूपेक्षा हजारपट जास्त पाणी वाहून नेते! मोठ्या पोकळ्या रिकाम्या झाल्या की वाळूत पाण्याला चालायला वाटच उरत नाही. चिकणमातीच्या बारीक पोकळ्या मात्र भरलेल्याच असतात, तिथली वाट अरुंद पण चालू राहते. प्रत्यक्ष शेतातली वाळू पुस्तकातल्याइतकी स्वच्छ नसते, तिच्यात गाळ असतो, त्यामुळे आकडे एवढे टोकाचे येत नाहीत. पण दिशा हीच.

ह्यावरून आबांच्या 'वरची ढेकळं वाळलीत' ह्या बोलण्याचा अर्थ लागतो. वरचा इंच-दोन इंच थर वाळला की त्याची पाणी वाहून नेण्याची ताकद जवळजवळ संपते आणि तो खालच्या ओलीवर झाकणासारखा बसतो. ते वाळलेले ढेकूळ उसाची तहान दाखवत नाही. खालचे पाणी सुरक्षित आहे, एवढेच दाखवते. कोळपणी केल्यावर ओल टिकते ती ह्यामुळेच, आणि पाचट पसरल्यावर टिकते तीही बरीचशी ह्यामुळेच. पाचट पेटवणारांनी हे जरा मनावर घ्यावे.

आणखी एक समजूत मोडायची आहे. "आमच्या काळीखाली तीन फुटांवर मुरूम आहे, निचऱ्याची काळजी नाही," असे पुष्कळ सभासद सांगतात. पाईपलाईनच्या चरात कधी उतरून पाहा. वर काळी माती हाताला चिकटते इतकी ओली आणि तिच्या लगत खालचा मुरूम कोरडा, असे कित्येकदा दिसते. असे का? काळीच्या बारीक पोकळ्यांनी पाणी ओढून धरलेले असते. मुरमाच्या मोठ्या पोकळ्यांची ओढ त्या मानाने काहीच नाही, त्यामुळे पाणी सीमेवर येऊन थांबते. वरची माती जवळजवळ पूर्ण भिजून तिची ओढ संपली की मगच ते मुरमात उतरते, आणि तेव्हा एकदम, जागोजाग धारा लागल्यासारखे उतरते. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जाते असे आपण म्हणतो ते एकाच जातीच्या मातीपुरते खरे. थर बदलला की ते कमी ओढीकडून जास्त ओढीकडे जाते. मुरूम जादा पाणी वाहून नेईल, पण काळीतले पाणी आपणहून ओढून घेणार नाही. मुरमावरची काळी म्हणून जास्त वेळ ओली राहते.

आता मॉडेल म्हणजे काय, ते सांगतो. कृषी विद्यापीठाच्या लोकांनी हा शब्द वापरला की आपल्या मंडळींना मातीचा पुतळा किंवा बांधकामाचा नमुना आठवतो. हे मॉडेल म्हणजे निव्वळ खतावणी आहे. आपल्या सोसायटीत प्रत्येक सभासदाचे पान असते, जमा, नावे, शिल्लक. तसे जमिनीचे वरून खालपर्यंत पाच-पाच सेंटिमीटरचे थर पाडायचे आणि प्रत्येक थराला एक पान द्यायचे. वरच्या थराकडून आलेले पाणी जमा. खालच्या थराला गेलेले नावे. मुळांनी प्यायलेले नावे, उन्हाने नेलेले नावे. खालून चढून आलेले पुन्हा जमा. कोणी कोणाला किती द्यायचे हे रिचर्ड्सचे समीकरण ठरवते, आणि त्यासाठी त्या मातीच्या दोन गोष्टी लागतात: किती ओलीला किती ओढ, आणि किती ओलीला किती वहनशक्ती. १९८० साली व्हान गेनुख्टेन ह्या शास्त्रज्ञाने ह्या दोन्हींसाठी एक सुटसुटीत सूत्र दिले, त्यामुळे काम फार सोपे झाले. मग संगणक दर काही मिनिटांचा जमा-खर्च लिहीत सबंध हंगाम चालवतो. 'हायड्रस' आणि हॉलंडमधला 'स्वॅप' हे असे जगभर वापरले जाणारे प्रोग्रॅम आहेत. हाताने हे करायचे तर आपल्या कारखान्याचे सगळे कारकून कमी पडतील.

ह्या खतावणीचा उपयोग असा की 'असे केले तर काय' हे शेत न बिघडवता पाहता येते. चार इंच पाणी दिले तर? दोन इंच दिले तर? ठिबकची नळी सहा इंच खोल पुरली तर? ठिबकचेच घ्या. रेताड जमिनीत थेंबाखाली ओलीचा आकार मुळ्यासारखा उभा आणि अरुंद होतो, काळीत कांद्यासारखा पसरट. म्हणून हलक्या जमिनीत ड्रीपर ३० ते ४० सेंटिमीटरवर लागतो आणि भारी जमिनीत ५० ते ६० वर चालतो. एकाच दुकानातून, शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच नळी घेणारे आपल्यात बरेच आहेत.

पण खतावणीत खोटही आहे, तीही सांगितली पाहिजे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाणी भेगांतून थेट चार फूट खाली जाते आणि मधले थर कोरडेच राहतात. साध्या मॉडेलला भेगा कळत नाहीत. ते पाणी एकसारखे झिरपते असे धरून चालते. भेगांची वेगळी सोय असलेली मॉडेले आहेत, पण भेगा किती रुंद आणि किती खोल हे शेवटी शेतात जाऊनच मोजावे लागते. शिवाय एका शेतातही वरच्या आणि खालच्या अंगाची माती एक नसते. म्हणून संगणकाचा कागद हातात घेऊन कोणी आपल्याला अमुक तारखेलाच पाणी द्या म्हणाला, तर त्याला आधी बांधावर न्या.

आता आबांचा हिशोब. आडसाली ऊस, सहा-सात महिन्यांचा, थंडीचे दिवस. रोजचा खर्च ४ मिलिमीटर धरू. बारा दिवसांचे ४८ मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच. काळीच्या तिजोरीतून वापरायचे होते ५४. म्हणजे दोन-तीन दिवसांत पाण्याची वेळ येणारच होती, आणि पुढची पाळी वीस दिवसांनी. तेव्हा दारे धरायला हरकत नाही. पण जागा किती रिकामी झाली आहे? दोन इंच. आणि आपण सरी तुडुंब भरेपर्यंत पाणी देतो ते किती होते? चार इंचाच्या खाली क्वचित. दोन इंच मावले, उरलेले दोन इंच मुळांच्या खाली गेले.

हे दोन इंच कुठे जातात? खाली भूजलाला मिळतात. निचरा नसेल तर पातळी वर चढते. किती चढते ते ऐकून मी स्वतः प्रथम चपापलो होतो. चिकणमातीत पातळी वर येताना तिला भरायला फार थोडी पोकळी शिल्लक असते, कारण बहुतेक पोकळ्यांत आधीच पाणी धरलेले असते. ही भरण्याजोगी पोकळी शेकडा ५ धरली, तर दोन इंच जादा पाण्याने भूजल चाळीस इंच वर येते. चाळीस इंच, म्हणजे सव्वातीन फूट! अर्थात काही पाणी आडवे सरकते, ओढ्याला जाते, पातळी पुन्हा उतरते. पण खालच्या अंगाच्या शेताला सरकायला जागा नसते, उलट वरच्यांचे पाणी त्याच्याकडे येते. आबांच्या दीड एकराचे असे झाले आहे. त्यात त्यांच्या स्वतःच्या वरच्या अडीच एकरांचे पाणीही आहे.

पातळी वर आली की कंदिलाची वात सुरू होते. काळ्या जमिनीत भूजल तीन-चार फुटांवर असेल तर पाणी मातीच्या ओढीने वर चढते, ऊन पाणी नेते आणि मीठ ठेवते. समजा दिवसाला फक्त एक मिलिमीटर चढले. उन्हाळ्याच्या १२० दिवसांत एकरी जवळजवळ पावणेपाच लाख लिटर पाणी वर आले. त्या भूजलाची विद्युत वाहकता ४ असेल, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास क्षार, तर एका उन्हाळ्यात एकरी बाराशे किलोवर मीठ वरच्या थरात जमा झाले. पाटाचे-विहिरीचे पाणीही अगदी गोडे नसते. वाहकता १ असलेले पाणी चांगलेच समजले जाते, पण त्यातही लिटरला सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. चार इंचाच्या एका पाळीत एकरी चार लाख लिटर पाणी, म्हणजे २६० किलो, म्हणजे पन्नास किलोची पाच पोती. वीस पाळ्यांत पाच टन. उसाच्या मोळीतून त्यातले फारच थोडे बाहेर जाते. खताचे एक पोते महाग झाले की आपण ओरडतो. ही पोती फुकट घरपोच येतात म्हणून कोणी मोजत नाही.

हे आजचे दुखणे नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुढे कालव्यांच्या मुलखात उसाबरोबर पाणथळ आणि खारवट जमिनींचा प्रश्नही वाढला. १९१६ साली त्या वेळच्या मुंबई सरकारला पाटबंधाऱ्यांसाठी एक खास कक्ष काढावा लागला. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आज धरणांच्या नमुन्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्याचा जन्म त्या कक्षातून झाला. पुढे १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि १९३८ साली बसू आणि शिरूर ह्या शास्त्रज्ञांनी नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींची उभी छाननी करून त्यांचे प्रकार पाडले. नुसता वरचा थर न बघता खड्डा खणून थरावर थर बघायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे. अलीकडे शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या भागात गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने सभासदांनी एकत्र येऊन जमिनीत सच्छिद्र पाईप पुरले आणि वाया गेलेल्या जमिनी पुन्हा उसाखाली आणल्या. तिथे एकट्यादुकट्याचे काम नव्हते, कारण पाईपाचे पाणी शेवटी शेजाऱ्याच्या शेतातूनच ओढ्याला न्यावे लागते. आपल्याकडे गाडे नेमके इथेच अडते.

उमेळ्याकडे ह्याच थराची दुसरी बाजू दिसते. तिथे खाडी जवळ, खाली खारे पाणी. पावसाचे पाणी रेतीतून झिरपते आणि खाऱ्यावर तरंगून राहते, कारण गोडे पाणी हलके. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली चाळीस फूट गोडे, असे त्याचे ढोबळ प्रमाण. म्हणून वरून एक फूट उपसले तर खालून खारे किती चढेल, ते ज्याचे त्याने ओळखावे. वाड्यांतली बावखले पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवत. पंप आले, १९८०च्या दशकात टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊ लागले आणि त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले त्या उन्हाळ्यात आजोबांनी चहा पिणे सोडले, एवढे पक्के आठवते. आता तिथे पुष्कळ वाड्यांवर इमारती आणि फरशी आहे. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि गटाराने खाडीला जातो. तिथे पाणी खाली उतरायची वाट बुजली. इथे आपण ती वाट गरजेपेक्षा जास्त भरून ठेवली. दोन्हीकडे मीठ वर आले.

आता करायचे काय ते सांगतो. संगणक आणायची गरज नाही. पाणी देण्याआधी शेतात दोन ठिकाणी, एक वरच्या आणि एक खालच्या अंगाला, दीड फूट खड्डा घ्यावा. एक फुटावरची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन हाताला ओल लागली तर थांबावे. गोळा झाला पण हात कोरडा राहिला आणि टाकल्यावर फुटला, तर वेळ आली. गोळाच झाला नाही तर उशीर झाला. ज्यांना मापच हवे त्यांच्यासाठी टेन्शिओमीटर नावाचे साधे यंत्र मिळते. पाण्याने भरलेली नळी, खाली मातीची सच्छिद्र कुपी, वर काटा. माती कुपीतून पाणी ओढू लागली की काटा ती ओढ सांगतो. हलक्या जमिनीत २० आणि भारी जमिनीत ४० ते ५० सेंटिबारच्या दरम्यान पाणी द्यावे असा साधारण ठोकताळा आहे. ८० च्या पुढे ते काम करत नाही, नळीत हवा शिरते, आणि दर थोड्या दिवसांनी पाणी भरायला विसरले तर काटा खोटे बोलतो.

दोन इंच पाणी सरीने द्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न. लांब सरी असेल तर शेवटपर्यंत पाणी जाईतो सुरुवातीला चार-पाच इंच झिरपून जाते. म्हणून सऱ्या आखूड कराव्यात, आणि भारी जमिनीत एक आड एक सरी भिजवावी. बारीक पोकळ्यांची आडवी ओढ मधल्या वरंब्यापर्यंत ओल नेते. माळाच्या मुरमाड जमिनीत हे करू नये, तिथे आडवी ओढ पुरत नाही आणि मधली ओळ उपाशी राहते. जिथे मीठ फुटले आहे तिथे 'पाणी जास्त देऊन मीठ धुऊन काढतो' हा उपाय निचऱ्याशिवाय करू नये. धुतलेले मीठ तीन फूट खाली जाऊन उन्हाळ्यात त्याच वाटेने परत येते.

मेळाव्यानंतर आठवड्याने मी आबांच्या शेतावर गेलो. वरच्या अंगाच्या खड्ड्यात फुटावर गोळा होत होता. खालच्या दीड एकरात पावणेतीन फुटांवर पाणी लागले. आबा काठावर बसून खड्ड्यात हळूहळू भरणारे पाणी बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजे हे माझंच पानी." मी म्हटले, थोडे शेजाऱ्यांचेही आहे. ते म्हणाले, "शेजाऱ्याला बोलवा मग."

शेजारी आले. ओढ्यापर्यंतचा चर कोणाच्या बांधाने न्यायचा ह्यावर दोन बैठका झाल्या, तिसरी व्हायची आहे. ज्या सभासदांच्या जमिनीत पांढरी झाक दिसू लागली आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव, गट नंबर आणि ऊस कोणत्या प्रकारचा ते नोंदवावे. मार्चअखेर, भूजल उतरायच्या आत, खड्डे घ्यायचे आहेत. माती आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना त्याच दिवशी घेतला जाईल, त्यासाठी एक लिटरची स्वच्छ बाटली तयार ठेवावी. खताच्या किंवा औषधाच्या बाटलीत पाणी आणू नये. कुदळ-फावडे आपले, सोबत मी आहेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी